पाच विड्यांतला बेडकीचा पाला

ठाणे भोर, संस्थान भोर. तारीख २४ फेब्रुवारी १९३९, शुक्रवार, सकाळी दहा.

नाव कुंडलिक चिमाजी दिघे. वय वीस. धंदा सध्या काही नाही. दिवाळीपर्यंत पुण्यास कॉलेजात इंटर सायन्सच्या वर्गात होतो, मध्येच सोडले. राहणार हिरडोशी.

समक्ष हजर राहून लिहून देतो की, मला लिहिता येते म्हणून फौजदारसाहेबांनी कागद माझ्याच पुढे ठेवले आहेत. कागदांवर एक ते सात असे आकडे घातलेले आहेत. जे लिहीन ते माझ्यावरही उलटू शकते, हे मला बजावले आहे. मला कोणी मारलेले नाही आणि बोलावलेलेही नाही. मी आपणहून आलो.

आमच्या शेजारच्या सगुणा कोंडिबा पारठे, वय सतरा, हिच्या जिभेला डाग दिल्याबद्दल गावचा देवऋषी सोनबा अटकेत आहे. सोनबा म्हणतो, पोरीच्या हातात करणी होती, तिने पाव्हण्यांच्या साखरेची माती केली, म्हणून बापाच्या सांगण्यावरून डाग दिला. तिच्या हातात काही नव्हते. माती मी केली. ते सरकारी कागदावर एकदा यावे, एवढ्यासाठी मी आलो आहे.

माझ्या वडिलांना मधुमेह आहे. ते जंगल खात्यात रखवालदार आहेत. दोन वर्षांपूर्वी लघवीला मुंग्या लागू लागल्या तेव्हा कळले. भोरच्या वैद्यांनी मेषशृंगीचे चूर्ण लिहून दिले. पुण्याहून आणलेले चूर्ण म्हणजे नुसता पाचोळा होता, गुण आला नाही. वैद्य म्हणाले, ताजा पाला मिळाला तर बघा, पण ओळखणारा पाहिजे. वरच्या धनगरवाड्यावरचे बिरू ढेबे, वय सत्तरच्या पुढे, यांना तो ओळखता येतो. ते त्याला बेडकीचा पाला म्हणतात. मागल्या वर्षी श्रावणात मी सुटीवर आलो असता वडिलांनी मला त्यांच्याकडे पाठवले.

वेल झुडपांवर चढते. पाने समोरासमोर येतात, खालून हात लावला तर कोकराच्या कानासारखी मऊ लव लागते. थंडीत जोडीने शेंगा धरतात, त्या मेंढ्याच्या शिंगांसारख्या. एवढ्यावर भुलू नये, असे बिरूबाबांनी सांगितले. तशी पाने रानात दहा वेलींना असतात. खरी खूण जिभेवर. पान चावून थुंकायचे आणि वर गुळाचा खडा ठेवायचा. गूळ मातीसारखा लागला तर बेडकी. गोड लागला तर दुसरे काहीतरी. पाऊण-एक तास गोड म्हणून कळत नाही, मग जीभ पूर्ववत होते. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलो, पण जिभेने झाड ओळखायला तिथे कोणी शिकवले नाही.

आणखी एक रीत त्यांनी सांगितली. पाला ज्याच्यासाठी तोडायचा त्याचे नाव वेलीजवळ मोठ्याने घ्यायचे. नाव घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. मी हसलो तेव्हा म्हणाले, "हसू नगंस. नाव घ्याया लागतं तवा मानूस इचार करतो."

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मी पाला घेऊन उतरत असता सगुणा कड्याखाली गवत कापत होती. बरोबरच्या बाया पुढे गेल्या होत्या. मी तिला म्हटले, जादू बघायची का? ती म्हणाली, "व्हय ओ कालेजवाले, पुन्याला आता ह्येच शिकिवत्यात व्हय?" मी तिला पान दिले. तिने चावले, तोंड वाकडे केले. मग मी खिशातला गूळ दिला. तिने तो जिभेवर धरला आणि डोळे मोठे केले. "आरं द्येवा, ही तर वाळू!" म्हणून ती इतकी हसली की विळा हातातून खाली पडला. म्हणाली, "सासरी कुनी छळलं तर ह्योच पाला चारीन. गोडाचं जेवान कर म्हनावं आता." आम्ही तिथे तास-दीड तास बसलो होतो, तिच्या जिभेची चव परत येईपर्यंत. चव आली का, हे बघायला मी दर थोड्या वेळाने गुळाचा खडा देत होतो. शेवटचा खडा तिने माझ्या हातातूनच तोंडाने घेतला. याउपर काही झालेले नाही. तिने मला कसलेही वचन दिलेले नाही, हे मी मुद्दाम लिहितो. उठताना ती म्हणाली, "पुन्यांदा वाटंत थांबवू नका मला. लोकं बघत्यात."

दिवाळीत कळले की तिचे मार्गासनीच्या आनंदराव वालगुडे यांच्या मुलाशी जुळते आहे. मुलाचे नाव बाजी. मी पुण्याला परत गेलो नाही. नाव काढून घेतो म्हणून कॉलेजला पत्र टाकले. वडिलांनी कारण विचारले ते मी सांगितले नाही.

साखरपुडा गुरुवार ता. २ फेब्रुवारीस ठरला. आदल्या दिवशी सकाळी मी बिरूबाबांकडे गेलो. त्यांनी विचारले, "कुनाच्या नावानं?" मी वडिलांचे नाव घेतले आणि पंधरा पाने तोडली. बिरूबाबा म्हणाले, "येवडा? तुजा बा म्हातारा हाय का बकरी?" मी म्हटले, वाळवून ठेवायचाय. त्यांचा या प्रकरणात यापेक्षा अधिक काही संबंध नाही.

गुरुवारी मार्गासनीची माणसे भोरला मुक्काम करून बैलगाडीने साडेनऊच्या सुमारास पोचली. आनंदराव, त्यांची थोरली बहीण आक्काबाई आणि भाऊबंदांतले तिघे, मिळून पाच. कोंडिबाकाकांनी मला हाक मारली. "चिमाजीच्या, तू शिकलेला हैस, पाव्हन्यांत बस. इडं-बिडं कर." असे ते बोलले नसते तरी मी जाऊन बसणारच होतो. पाच विडे मी लावले, प्रत्येकात दोन-दोन पाने बेडकीची घातली, वरून चुना-कात-सुपारी. पानाच्या तिखट-तुरट चवीत ते कळत नाही. आक्काबाई म्हणाली, "इडा कडू हाय जरा." मी म्हटले, आत्याबाई, भोरचा कात तसलाच. ती म्हणाली, "पोरगा जावई शोबंल कुनाचा तरी." सगळे हसले. मीही हसलो.

साखर मार्गासनीकरांनी आणलेली होती, भोरच्या बाजारातून, पुड्यासह. ओटी भरून झाल्यावर सगुणा ताट घेऊन आली. एकेकाच्या तळहातावर चिमूट ठेवायची आणि वाकायचे. पहिली चिमूट आनंदरावांना. त्यांनी ती तोंडात टाकली, जीभ फिरवली आणि बायकोला वगैरे विचारावे तसे इकडेतिकडे बघितले. मग दारात जाऊन थुंकले. आक्काबाईने खाल्ली आणि म्हणाली, "आगं बया, ही तर राख!" बाकी तिघांचेही तेच. त्यांतला एक जण म्हणाला, "आमच्या मार्गासनीला साखर गोड असती बाबा. हिरडोशीत कशी असती ठावं न्हाई."

कोंडिबाकाकांनी पुड्यातली साखर तोंडात टाकली, ती गोड लागली. साळूबाई, म्हणजे सगुणाची आई, हिने मुलीच्या हातची घेतली, तीही गोड. इथे कोंडिबाकाकांनी चूक केली. त्यांना वाटले, साखरेत काही असेल. म्हणून त्यांनी घरातली गुळाची नवी ढेप आणवली आणि सगुणालाच म्हणाले, "तूच फोड आन् तूच दे समद्यांला. शंका नगं कुनाला." तिने गूळ फोडला. पाचांच्याही हातांवर ठेवला. आनंदरावांनी खडा तोंडातून काढून तिच्या ताटात ठेवला. म्हणाले, "पाव्हनं, साखर आमची, गूळ तुमचा. तुमाला गोड लागतंय, आमालाच माती. मंजे जे केलंय ते आमच्यावर केलंय."

सगुणाने ताटावरून मान वर केली आणि माझ्याकडे बघितले. तिला त्याच क्षणी कळले होते. ताट घेऊन आत गेली.

मार्गासनीकर न जेवता निघाले. पुढे नदीच्या उतारावर गाडी थांबवून त्यांनी उरलेल्या पुड्यातली साखर खाऊन बघितली. तोवर तास उलटला होता. ती गोड लागली. झाले, खात्री पटली. त्या पोरीच्या हातापासून दूर गेले की गोड. हे त्यांनी गाडीवानाकडून त्याच संध्याकाळी निरोप म्हणून कळवले.

फौजदारसाहेबांनी विचारले की, तू हे कशासाठी केलेस. सोयरीक मोडावी म्हणून. मोडली की मी मागणी घालणार होतो. सोमवारी ता. ६ ला घातलीही. कोंडिबाकाका म्हणाले, "शिकून येडा झाला हैस. जा, तुज्या आईला इचारून ये." माझ्या आईने त्या दिवशी सकाळीच सगुणाने आणून दिलेले ताक उकिरड्यावर ओतले होते, भांड्यासकट. वडील म्हणाले, "मार्गासनीनं जी उंबऱ्यातनं परत केली ती माज्या उंबऱ्यात? मेल्यावर आन." माझ्या वडिलांची साखर त्याच पाल्याने उतरलेली आहे.

तिच्या हातचे पाणी कोणी घेईना. पाणवठ्यावर तिने घागर भरली की बाया थांबत, पाणी वाहून जाऊ देत, मग आपली भरत. मळणीच्या गड्यांनी तिने आणलेली भाकरी बैलांपुढे टाकली. बैलांनी खाल्ली. त्यावर एक जण म्हणाला, "जनावराला काय, करनी मानसाला लागती." सगळे हसले.

मी पाणवठ्यावर तिला एकटी गाठून म्हटले, सांगून टाकतो सगळे. तिने घागर खाली ठेवली नाही. म्हणाली, "सांगा की. पाल्यानं तसं व्हतं ह्ये तुमाला ठावं हाय, पर ह्या पोरीला ठावं हुतं का, आसं बा इचारंल. तवा काय सांगशीला? कुठं खाल्ला? कुनाच्या हातचा? तुमी कसं सांगशीला ते मला ठावं हाय. येक सुरू केलं की समदं सांगून मोकळं व्हशीला." मी म्हटले, मी तेवढे सोडून सांगेन. ती म्हणाली, "तुमच्यानं न्हाई व्हायचं. गप ऱ्हावा. करनीवाली परवडली. चार म्हैन्यांनी इसरत्यात लोकं करनी." एवढे बोलून गेली. हे शेवटचे बोलणे. म्हणजे शेवटचे मी ऐकलेले.

रविवार ता. १९, अमावास्या. दुपारी चारच्या सुमारास देवळापुढे सोनबा बसला. गाव जमले होते. सोनबाने तिला तीन वेळा विचारले, "कुनाच्या हातचं काय खाल्लंस? त्येचं नाव घे, लगेच सोडतो." ती तीनही वेळा गप्प राहिली. सोनबा म्हणाला, "नाव जिभंखाली धरून बसलीया." विळ्याचे टोक निखाऱ्यात होते. साळूबाईने मुलीचे डोके मांडीवर धरले, कोंडिबाकाकांनी हात. तोंड उघडेना म्हणून नाक दाबले. मी पिंपळाच्या पाराशी, तिसऱ्या ओळीत उभा होतो. मधे दहा-बारा पावलांचे अंतर. खिशात माझ्या त्यातलीच वाळलेली तीन पाने होती.

फौजदारसाहेबांनी विचारले, तू का बोलला नाहीस. उत्तर: तिने गप्प राहायला सांगितले होते. फौजदारसाहेब म्हणाले, खरे लिही. उत्तर: ती नाव घेते का, हे मला बघायचे होते. माझे नाव. ती घेईल असे वाटत होते, आणि घेतले असते तर मी पुढे गेलो असतो. सोनबा दुसऱ्यांदा विचारीत असताना मला तिचा रागही आला होता. डाग दिला तेव्हा ती ओरडली, त्यात शब्द नव्हता.

तिसऱ्या दिवसापर्यंत जीभ सुजून पाणी उतरेना तेव्हा झोळी करून तिला इथल्या दवाखान्यात आणले. डॉक्टर म्हणाले, शेंडा गेला, बोलणे पूर्वीसारखे येणार नाही. मी काल सकाळी गेलो होतो. साळूबाई पेज भरवीत होती. सगुणाने मला पाहिले आणि भिंतीकडे तोंड केले. मी तिथून सरळ इथे आलो. फौजदारसाहेब म्हणाले, पाल्याने साखर माती होते, ही थाप दुसऱ्या कोणाला सांग.

म्हणून कालच बिरूबाबांना वेल ओळखण्यासाठी बरोबर शिपाई देऊन रानात पाठवले. मीही गेलो होतो. वेलीशी जाऊन ते थांबले आणि विचारले, "कुनाच्या नावानं?" मी म्हटले, सगुणाच्या. त्यांनी माझ्याकडे बघितले, मग चार पाने तोडली. आज सकाळी ठाण्यात दोन पंचांसमोर हवालदारांनी एक पान चावले आणि दुकानातून आणलेला गूळ खाल्ला. त्यांनी एक शिवी दिली, ती लिहीत नाही. दुसरे पान फौजदारसाहेबांनी स्वतः चावले. गूळ मातीसारखा लागल्याचे त्यांनी पंचनाम्यात नमूद केले आहे. शिपायाने विचारले, "म्हाताऱ्या, पर ह्यो पाला इखारी न्हाई ना?" बिरूबाबा म्हणाले, "पाला औशिदाचा हाय, सायेब. म्या ह्येला नाव इचारलं हुतं. ह्येनं बापाचं सांगितलं."

तरी सगुणाच्या हातात किंवा अंगात कसलीही करणी नाही व नव्हती. सोनबाने डाग दिला तो निरपराध मुलीला दिला. तसे सरकारातून गावात दवंडी देऊन जाहीर करावे आणि मार्गासनीस लेखी कळवावे, अशी माझी विनंती आहे. मला जी शिक्षा व्हायची ती व्हावी.

इथवर लिहून मी सगळे एकदा वाचले. दुसऱ्या कागदावर श्रावणातल्या सोमवारचा मजकूर आहे, तो लिहिण्याची गरज नव्हती. पाल्याचा गुण पटवून देण्याच्या भरात मी तो लिहिला. पाच विड्यांपुरते लिहिले असते तरी काम भागले असते. तो भाग खोडू द्यावा, किंवा कागद बदलून द्यावा, असे मी फौजदारसाहेबांना दोनदा म्हटले. ते म्हणाले, "आकडे घातलेला कागद आहे. खाडाखोड चालत नाही. आणि खोटं आहे का ते?" मी म्हटले, नाही. ते म्हणाले, "मग?"

पुरवणी, दुपारी दोन. पंच निरक्षर असल्यामुळे जबाब हवालदारांनी ओसरीवर मोठ्याने वाचला. मुलीचा बाप म्हणून कोंडिबाकाकांना बोलावले होते. साळूबाई पेजेचे भांडे घेऊन खाली पायरीपाशी उभी होती, वाचून झाल्यावर ती दवाखान्यात जाणार होती. साखरपुड्याआधीच्या मजकुराशी हवालदार आले तेव्हा मी त्यांना हळू वाचा म्हटले. त्यांना हळू वाचायची सवय नाही.

कोंडिबाकाकांनी हात वर केला. म्हणाले, "त्ये कड्याखालचं पुन्यांदा वाचा." हवालदारांनी पुन्हा वाचले. शेवटचा खडा तिने तोंडाने घेतला, तिथवर. मग पुढचे सगळे वाचून झाले, पाणवठ्यावरचेही, डागाचेही, करणी नव्हती हेही. फौजदारसाहेबांनी विचारले, "ऐकलंत ना? तुमच्या मुलीत करणी नव्हती." कोंडिबाकाका उठले, पटका नीट केला.

"करनी न्हवती, ह्ये बरं झालं," ते म्हणाले. "मग सोनबाला सोडा, सायेब. डाग जाग्यावर बसला."

साळूबाई म्हणाली, "पेज निवतीया, येवढी पाजून येते." ते म्हणाले, "वत ती." तिने ओतली नाही. भांडे पायरीवर ठेवले आणि त्यांच्या मागे गेली. ठाण्यातून निघाले की दवाखाना उजव्या हाताला आहे. ते दोघे डावीकडे, हिरडोशीच्या रस्त्याला लागले. बिरूबाबांनी ते भांडे उचलले आणि ते उजवीकडे गेले.

हे जबाबात लिहू नये, असे हवालदारांचे म्हणणे आहे. मी लिहिले आहे.

सदर सात कागद माझ्या हातचे असून पंचांसमक्ष व मुलीच्या बापासमक्ष मोठ्याने वाचले गेले, ते मी ऐकले. त्यांत खोटा शब्द एकही नाही. बरोबर आहे म्हणून सही करतो.

कुंडलिक चिमाजी दिघे
दस्तुर खुद्द